पाणंद नकाशावर आहे, शिवारात नाही: रस्ता मोकळा करायला सुरुवात कुठून करावी?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. जिल्हा अहिल्यानगर, काळी जमीन, निम्म्याहून जास्त ऊस. गावठाणापासून वरच्या शिवारापर्यंत साधारण १.८ किमीची वाट आहे. ३४ खातेदारांची सुमारे १४० एकर जमीन या एका वाटेवर अवलंबून.

पहिला टप्पा गावठाण ते ओढा, १.१ किमी. गाव नकाशावर इथे दुहेरी तुटक रेषा, म्हणजे पाणंद (शेतांमधली गाडीवाट), दिसते. जागेवर मात्र दोन्हीकडचे बांध दरवर्षी नांगराबरोबर सरकत आले. कुठे ८ फूट उरलेत, कुठे ६.

दुसरा टप्पा ओढ्यापलीकडचे ३०० मीटर. नकाशावर काही नाही, पण बैलगाडीच्या काळापासून बांधावरून वहिवाट होती. चार वर्षांपूर्वी एका गटात तारेचं कुंपण झालं, आडवी चारी पडली, तेव्हापासून बंद.

तिसरा टप्पा शेवटचे ४०० मीटर. इथे रस्ता कधीच नव्हता. ९ खातेदार शेजाऱ्यांच्या मर्जीवर ये-जा करतात. ट्रॉली आत येत नाही म्हणून ऊस डोक्यावरून बाहेर काढावा लागतो.

‘शेतरस्ता खुला करून मिळावा’ असा एकच सामूहिक अर्ज ३४ सह्यांनिशी तयार आहे, सोमवारी तहसीलला द्यायचा आहे. काही जण म्हणतात ग्रामसभेचा ठराव घेऊन थेट जेसीबी लावू. दोन्हींत योग्य काय? आणि रस्ता मिळालाच तर मुरूम किती लागेल?

---

टिपणबुक

दादा, सोमवारी तो अर्ज देऊ नका. तुमच्याकडे एक रस्ता नाही, तीन आहेत, आणि तिघांना एकच कलम लागत नाही. एकत्र अर्ज गेला की ‘मागणी स्पष्ट नाही’ म्हणून परत येतो. त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या कलमाखाली निकाल लागतो आणि वर अपिलात तो टिकत नाही. कायद्याचं कोणीतरी सांगेलच, मी कागदांपुरतं लिहितो.

नकाशावरची रेषा आधी नीट ओळखा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता कुठल्याही भूमापन क्रमांकाच्या क्षेत्रात धरलेला नसतो, त्याची रुंदी ३० ते ३३ फूट. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनेच दाखवतात, पण तो ज्या नंबरातून जातो त्याच्या क्षेत्रात पोटखराब (लागवडीखाली न धरलेली जागा) म्हणून धरलेला असतो, रुंदी १६.५ ते २१ फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, ८.२५ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, कारण जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने झाली आणि साखळीचे १६ आणे. ३३ फूट म्हणजे एक साखळी, १६.५ म्हणजे आठ आणे, ८.२५ म्हणजे चार आणे. टिपणावर (जुन्या मोजणीच्या मापांच्या नोंदीवर) साखळी-आण्यांत लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका.

रुंदी गाव नकाशावर पट्टी ठेवून काढू नका. पुष्कळ जुने गाव नकाशे १:७९२० चे आहेत, म्हणजे एका इंचाला ६६० फूट. त्यावर १६.५ फूट जेमतेम ०.६ मिलिमीटर भरतात, रेषेच्या जाडीएवढे. त्यात झेरॉक्स म्हणजे प्रमाणाचा पत्ताच नाही. गाव नकाशा फक्त रस्ता आहे की नाही हे सांगतो. रुंदी टिपण, गुणाकार बुक (क्षेत्राच्या हिशेबाची वही) आणि फाळणी नकाशा (पोटहिस्स्यांचा नकाशा) यांतून काढायची. गटवारी झालेलं गाव असेल तर एकत्रीकरण योजनेचा उतारा आणि गट नकाशाही घ्या. जुने सर्व्हे नंबर आणि आजचे गट यांचा मेळ तिथेच लागतो. हे सगळं भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून प्रमाणित नकलेतच घ्या, मोबाइलवरचं चित्र सुनावणीत चालत नाही.

आणखी एक जागा लोक बघतच नाहीत: ७/१२ वरचं पोटखराब ‘ब’. ‘अ’ म्हणजे खडकाळ वगैरे लागवडीला अयोग्य जमीन. ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. समजा एका गटातून गाडीमार्ग १८० मीटर जातो. १६.५ फूट म्हणजे साधारण ५ मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर, ९ आर. त्या ७/१२ वर पोटखराब ‘ब’ ९ आरच्या आसपास असेल तर मालकाच्या स्वतःच्या उताऱ्यानेच रस्ता कबूल केला. गट ११ असोत की २० असोत, लगतच्या प्रत्येक गटाचा असा तक्ता करा: गट नंबर, लांबी, पोटखराब ‘ब’, जागेवर आज उरलेली रुंदी. एका पानाचा हा तक्ता भाषणापेक्षा जास्त काम करतो.

ग्रामपंचायतीचा नमुना २३ म्हणजे रस्त्यांची नोंदवही. त्यात हा रस्ता आहे का पाहा. नक्कल देत नसतील तर माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांची मुदत आहे.

---

पक्षकार

वरचं सगळं बरोबर. आता कलमांचं.

पहिला टप्पा नकाशावरचा आहे, म्हणून तुम्हाला नवा हक्क मागायचा नाही. मागायचं आहे मोजणी आणि अतिक्रमण काढणं. ग्रामपंचायतीकडे किंवा तहसीलदारांकडे अर्ज करून हद्दकायम मोजणी करून घ्या. खुणा पडल्यावर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५३ आणि जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ५० हे दोन मार्ग. इथे ‘किती वर्षं झाली’ हा प्रश्न सहसा आडवा येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात लोक हमखास फसतात. अस्तित्वातला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५(२), हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमचं कुंपण चार वर्षांपूर्वीचं. हा दावा मुदतीवरच फेटाळला जाईल. मग कोणी म्हणेल दिवाणी कोर्टात वहिवाटीचा हक्क सांगू, २० वर्षांचा वापर आहे. सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ मध्ये २० वर्षं आहेत खरी, पण तो वापर दावा दाखल करण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. वापर थांबून चार वर्षं झाली असतील तर तीही वाट अवघड. चार वर्षं ‘समजुतीने बघू’ म्हणत गेली, ती अशी महागात पडतात.

त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याला संहितेचं कलम १४३. त्याला मुदत नाही. शेतात जायला वाजवी वाट हवी ही शेतकऱ्याची गरज तहसीलदाराने पाहायची असते. मर्यादा एकच, वाट इतर भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून मिळते. कोणाचं शेत मधोमध चिरून नाही. अर्जात ‘सर्वात जवळचा मार्ग’ मागू नका, ‘अमुक गटाच्या उत्तर बांधावरून’ असं मागा.

अर्जाबरोबर जोडायचं: अर्जदारांचे आणि ज्यांच्या बांधावरून वाट जाते त्या सर्वांचे चालू ७/१२, कच्चा नकाशा (दिशा, गट नंबर, बांध, विहिरी, झाडं दाखवून), लगतच्या सर्व खातेदारांची नावं-पत्ते, मोजणी झाली असेल तर ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा), कोर्टात काही चालू असेल तर त्याची कागदपत्रं. दुसऱ्या टप्प्यासाठी जुने पुरावेही जोडा: जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमेत ‘पूर्वेस गाडीवाट’ असा उल्लेख सापडतो, तो सोन्याच्या मोलाचा.

प्रकरणं कुठे कोसळतात, तेही सांगतो:

७/१२ वरचा एखादा हिस्सेदार पक्षकार केला नाही. बहुतेक वेळा ती सासरी गेलेली बहीण असते. किंवा मयताच्या नावे नोटीस निघाली. वारस नोंद आधी करून घ्यायला लावा, नाहीतर दोन वर्षांनी प्रकरण ‘फेरचौकशीस परत’.

मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा समोरच्याला न कळवता झाला. पंचनाम्याची तारीख लेखी कळवलेली हवी आणि पोच दप्तरात हवी.

आदेशात फक्त ‘रस्ता देण्यात येतो’ एवढंच. गट नंबर, बांधाची बाजू, लांबी, रुंदी आणि रुंदीतले किती फूट कोणाकडून, हे आदेशात नसेल तर अंमलबजावणीच्या दिवशी पुन्हा भांडण. २२ मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर, ९० दिवसांत निर्णय आणि ७/१२ च्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद असं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि नोंदीची मागणी वेगळ्या ओळीत लिहा.

आदेशानंतर समोरच्याला प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील किंवा एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. दिवाणी दावा झाला की महसुली अपील थांबतं. तो जाईल असं वाटत असेल तर तुम्हीच आधी कॅव्हेट (‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज) टाका.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल: ठराव घ्या, पण त्याच्या जोरावर खासगी बांधावर जेसीबी घालू नका. ठरावाने खासगी जमिनीत हक्क तयार होत नाही. उलट गुन्हा तुमच्यावर नोंद होईल आणि मनाई हुकूमही मिळेल. पहिल्या टप्प्याच्या मोजणीसाठी मात्र ठराव उपयोगी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी ती.

---

वैनगंगेचा

आमच्याकडे विदर्भात याला पांदण म्हणतात. तिकडे लागू नाही, पण विदर्भातलं कोणी वाचत असेल तर संहितेच्या कलम १६५ खालचं वाजिब-उल-अर्ज नक्की काढा. खासगी जमिनीतून जाण्या-येण्याचा गावाचा रिवाज त्यात नोंदलेला असतो. कित्येक ठिकाणी एवढ्या एका पानावर निकाल लागतो.

---

ओढ्याकाठचा

खूप आभार. अर्ज थांबवला. दोन अडचणी राहतात. तिसऱ्या टप्प्यात बांध दोनदा काटकोनात वळतो आणि एका वळणावर बांधाला लागूनच विहीर आहे. बांधावरूनच जायचं म्हटलं तर ट्रॉली वळणार कशी? दुसरं, तिथले दोन मालक तयार आहेत, ५०० च्या स्टॅम्पवर संमतीपत्र करून देतो म्हणतात. ते चालेल ना?

---

पक्षकार

नुसतं स्टॅम्प आणि नोटरी नको. मालकाने उद्या जमीन विकली की नवा मालक म्हणेल मला माहीत नाही. तेच संमतीपत्र १४३ च्या प्रकरणात दाखल करा, दोघांचे जबाब मंडळ अधिकाऱ्यांपुढे नोंदवा आणि ‘उभयपक्षी संमतीने’ असा आदेश घ्या. विहिरीपाशी वाट बांध सोडून किती मीटर आत जाते तेही संमतीत आकड्यांत लिहा. आदेशावरून फेरफार (७/१२ मधल्या बदलाची नोंद), फेरफारावरून ‘इतर हक्क’. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे आदेशाची प्रत आपणहून पोचवा. ती आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.

---

मुरूम_खडी

वळणाचं: दोन ट्रॉल्यांची उसाची गाडी काटकोनात वळायची तर आतला कोपरा दोन्ही बाजूंनी ५-६ मीटर सोडून तिरका कापावा लागतो. हा त्रिकोण १५ चौरस मीटरच्या आसपास जातो, तो कोणाचा जातो ते आधी ठरवा. विहिरीच्या काठापासून भरलेली ट्रॉली जितकी लांब जाईल तितकं चांगलं. जुनी दगडी विहीर असेल तर कोपरा विहिरीच्या समोरच्या बाजूला कापा.

आता मुरूम. १.८ किमी × ३.५ मीटर × १५ सेंमी दबलेला थर = ९४५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे ३३४ ब्रास दबलेला. गाडीतला मुरूम सुटा असतो, ३० टक्के जास्त धरा: ४३० ते ४४० ब्रास. अंदाजपत्रकात ३३४ लिहून तेवढाच आणला की शेवटचे चारशे मीटर कोरडे राहतात. आणि ते नेमके ज्यांनी जास्त धावपळ केली त्यांचे असतात! उत्खननाची परवानगी आणि स्वामित्वधन तहसीलकडे आधी भरा, नाहीतर गाड्या पकडल्या जातात.

पण मुरूम ही शेवटची पायरी. काळ्या जमिनीत पाणंद बिघडते ती पाण्याने. वर्षानुवर्षं गाड्या जाऊन पाणंद शेतांपेक्षा खाली गेलेली असते, पावसाळ्यात तिचा ओढा होतो. तिच्यात मुरूम ओतला तर एका पावसात काळी माती वर आणि मुरूम खाली. म्हणून क्रम असा:

आधी दोन्ही बाजूंना चर, ४५ ते ६० सेंमी खोल, उतार ओढ्याकडे. चराची माती मधे टाकून पाया शेताच्या पातळीच्या वर उचला, किमान ३० सेंमी, सखल जागी ४५. ही माती थराथराने पाणी मारून ८-१० टनी रोलरने दाबा. जेसीबी पुढे-मागे फिरवणं म्हणजे दाबणं नव्हे. मग मुरूम. मध्य कडेपेक्षा ७ सेंमी उंच ठेवा (३.५ मीटर रुंदीला ४ टक्के उतार), म्हणजे पाणी उभं राहत नाही.

मुरूम बघून घ्या. मूठभर ओला करून तळहातावर वळा. शेवईसारखी वळी होत असेल तर त्यात माती जास्त आहे, पावसात त्याचा गारा होणार. पांढरा चुनखडीचा मऊ मुरूमही नको. हाताला टोचणारा, फोडायला कठीण असा हवा. पैसे कमी असतील तर सगळीकडे पातळ थर पसरू नका. चिखलाच्या ठरलेल्या जागा असतातच, तिथे १५-१५ सेंमीचे दोन थर द्या, बाकी पुढच्या वर्षी.

शेताचं पाणी जिथे रस्ता ओलांडतं तिथे ६०० मिमीचा सिमेंट पाइप, एनपी-३ दर्जाचा. एनपी-२ स्वस्त पडतो, पण उसाच्या गाडीखाली फुटतो. एक पाइप २.५ मीटरचा, तीन लावा. दोन लावले की टोकं रस्त्याच्या कडेला येतात आणि कडा ढासळते. पाइपावर किमान ४५ सेंमी भराव. ३०० मिमीचा लावू नका, पाचटाने एका हंगामात बुजतो.

ओढ्यावर पाइपांची रांग घालून वर भराव करू नका, पहिल्याच मोठ्या पुराला वाहून जातो. काँक्रीटची फरशी करा, पाणी वरून जाऊ द्या. फरशीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला जमिनीत उतरलेली भिंत हवी. खालच्या अंगाची भिंत विसरतात आणि पाणी तिथूनच खणत फरशी उलटवतं.

---

बांधावरची

सगळं छान, पण भाऊंनो क्रम मला पटत नाही. तिन्ही टप्प्यांचे अर्ज एकदम टाकले तर अख्खं शिवार एकाच दिवशी नोटिशीने भेटेल, आणि आज तटस्थ असलेले लोक कुंपणवाल्याच्या बाजूला जातील. आधी पहिला टप्पा मोजून समजुतीने मोकळा करा. १.१ किमी खुला दिसला की पुढच्यांचा विरोध निम्मा होतो. विरोध बहुतेकदा दोन गुंठ्यांसाठी नसतो, ‘माझाच बांध का’ यासाठी असतो. टिपणबुकदादांचा तक्ता चावडीवर लावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सगळ्यांचं किती जातं ते दिसतं.

वेळ बघा. उभ्या पिकात मोजणीच्या खुणा कराल तर माणसं तुटतात. ऊस तुटून गेल्यावर, मार्च ते मे. मोजणीचा अर्ज त्याआधी तीन-चार महिने.

खुणा चुन्याने मारून घरी जाऊ नका. त्याच दिवशी दर ३० मीटरला आणि प्रत्येक वळणावर दगड पुरा, दोन फूट आत, एक फूट वर. चुना आठ दिवसांत जातो, मग पुन्हा मोजणी फी.

वर्गणी घरटी सारखी ठेवू नका. एकरी ठेवा, आणि टप्प्याटप्प्याने: पहिल्या टप्प्याचा खर्च सगळ्यांच्या १४० एकरांवर, तिसऱ्याचा फक्त त्या ९ जणांच्या एकरांवर. बँकेत दोघांच्या सहीचं खातं उघडा. एकाच्या फोनवर पैसे जमा करायची सवय लागली की दुसऱ्या महिन्यात संशय. जेसीबी तासावर, मुरूम ब्रासवर. गाड्या मोजायला रोज दोन वेगळी माणसं, आणि गाडीचा चौक (हौदा) आत-बाहेरून टेपने मोजून घ्या. सहा ब्रास सांगून पाच ब्रासची गाडी येते.

सह्यांच्या बाबतीतही: ७/१२ वर बाईचं नाव असेल तर सही तिचीच घ्या, नवऱ्याची नको. सुनावणीत तिने ‘मला माहीत नाही’ म्हटलं की संपलं.

---

पक्षकार

ताईंचा क्रम मान्य, एका अटीवर. दुसऱ्या टप्प्यात समजुतीची बोलणी चालू असताना नवा अडथळा झाला, म्हणजे आज उघडी असलेली एखादी वाट बंद झाली, तर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि सहा महिन्यांच्या आत कलम ५ चा दावा टाका. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही.

---

ओढ्याकाठचा

समजलं. शेवटचं एक: पहिल्या टप्प्यात रस्त्याखालून सात-आठ जणांच्या पाइपलाइनी गेल्यात, काही जेमतेम फूटभर खोल. जेसीबीने तुटल्या तर भरपाई कोण देणार यावरूनच दोघे अडून बसलेत.

---

मुरूम_खडी

काम सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून आपापल्या लाइनवर खुंटी मारून घ्या, सहीसकट यादी करा. खुंटी असताना तुटली तर वर्गणीतून दुरुस्ती, खुंटी नसेल तर मालकाची. त्या जागी चर हाताने खणा. लाइन तीन फूट खाली न्या आणि रस्त्याच्या पूर्ण रुंदीत मोठ्या पाइपातून ओवा: ९० मिमीची लाइन असेल तर बाहेरून १४० मिमीचा. पुढे गळाली तर आतली ओढून बदलता येते, रस्ता उकरावा लागत नाही. हे सगळं माती दाबायच्या आधी. ठिबकच्या सबमेनचंही तसंच.